बाहेरून काही दिसू नये

प्रिय पायल,

हे पत्र आपल्या नर्सरीतल्या कांताबाईच्या हातून येईल. मागच्या बाजूला झाडांना पाणी घालून झालं की ती निंबोळी पेंडीची पिशवी मोरीच्या पायरीवर ठेवेल. पत्र त्या पिशवीत तळाशी असेल. बाथरूममध्ये जाऊन कडी लावून वाच. वेळ थोडा असला तर शेवटचं पान आधी वाच, बाकीचं राहू दे. पण जमलं तर पहिल्यापासून वाच, बेटा, कारण आधीचं कळल्याशिवाय शेवटचं तुला खरं वाटायचं नाही. तीन महिने झाले, तू माझ्याकडे पाहत नाहीस. मी तुझ्या अंगणात येतो, खड्डे मोजतो, माणसांवर ओरडतो, जावयाबरोबर व्हरांड्यात बसून चहा पितो, आणि तू स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतेस. बाबाही त्याच्याच बाजूला गेला, असंच तुला वाटत असणार. मी तुझ्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

मे महिन्यात सुशीलचा फोन आला तेव्हा खरं सांगायचं तर मी हरखून गेलो होतो. सहा वर्षांत त्यानं कधी आपल्या नर्सरीत पाऊल ठेवलं नव्हतं. अभनपुर रोडवरून गाडी नेताना हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. आणि आता तोच म्हणत होता, "पापाजी, पूरी बाउंड्री पे पेड़ चाहिए. घने, बारह महीने हरे. बाहर से कुछ दिखना नहीं चाहिए." मी तुझ्या आईला म्हटलं, बघ, शेवटी माळ्याचीच आठवण झाली ना जावयाला. नवा रायपुरात वारा मोकळा सुटतो, रस्ते रुंद, धूळ फार, तर लोक असं कुंपण मागतातच. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

त्याला कोनोकार्पस हवा होता. कुठल्याशा ऑफिसाभोवती त्यानं पाहिला होता, दोन वर्षांत भिंतीसारखा उभा राहतो म्हणून. मी नको म्हटलं. त्याची मुळं पाण्याच्या पाइपात शिरतात, फुलोऱ्यानं लोकांना खोकला होतो. उंच अशोक म्हणाला, तर मी सांगितलं की तो खाली मोकळा होत जातो, पाच वर्षांनी बुंध्यांमधून सगळं आरपार दिसतं. मग मी त्याला दोन झाडं सुचवली, पुत्रंजीवा आणि बकुळ. पुत्रंजीवा काळाभोर हिरवा, फांद्या लोंबत्या, जमिनीपासून भरलेला, उन्हाळ्यातही पान टाकत नाही. बकुळ सावकाश वाढते, पण एकदा भरली की पाखरू आत शिरलेलं दिसत नाही. दोन ओळी, आठ-आठ फुटांवर, मागची ओळ पुढच्या फटींत. रेल्वेच्या बागेत एकतीस वर्षं काढली, हेडमाळी होऊन निवृत्त झालो, पण इतकं मोठं काम मनासारखं करायला कधी मिळालं नव्हतं. "बड़े पेड़ ही लाइए, बारह फीट के," तो म्हणाला. "इंतजार नहीं करना है." एवढी घाई कशाची, हे मी विचारलं नाही.

जूनच्या सुरुवातीला खड्डे खणायला आलो. तिथला मुरूम तुला माहीत आहे, लोखंडी सब्बल मारली की ठिणगी उडते. तीन फूट खोल, तीन फूट रुंद, पंधरा दिवस उन्हात उघडे ठेवायचे म्हणजे आतली कीड मरते. त्या दिवशी तू चहा घेऊन बाहेर आली नाहीस. गार्डनं आणून दिला. ईरा तेवढी धावत आली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. मी तिला माती दाखवत होतो, ही पिवळी, ही लाल. ती म्हणाली, "नानाजी, ये पेड़ जल्दी बड़े मत करना. फिर सरोज दादी नहीं दिखेगी." कोण सरोज दादी, मी विचारलं. तिनं मागच्या बंगल्याच्या वरच्या खिडकीकडे हात हलवला. खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईनं हात हलवला. आणि मग तिनं मला बोटानं खूण केली, इकडे या.

दुपारी माणसं जेवायला बसली तेव्हा मी मागच्या गल्लीनं वळसा घालून गेलो. सरोजिनीताई शाळेत शिकवायच्या, आता एकट्याच राहतात. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही, दारातच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पायलचे वडील ना? मग तुम्हाला माहीत असायला हवं. ही झाडं धुळीसाठी नाहीत, माझ्या खिडकीसाठी आहेत." मग त्यांनी सांगितलं. एप्रिलमध्ये तुमच्या मागच्या अंगणात त्यांनी काय पाहिलं ते. तुझे केस त्याच्या मुठीत होते ते. नळाच्या चबुतऱ्यावर तुझं डोकं आपटलं ते. त्यांनीच पोलिसांना फोन केला, पोलीस आले, आणि तू फाटकाशी उभी राहून म्हणालीस, "कुछ नहीं हुआ, मैं गिर गई थी." पोलिसांनी तुला दोनदा विचारलं, तू दोनदा तेच म्हणालीस, मग ते गेले. त्यानंतर पाचव्या दिवशी सुशील कुंपणाशी उभा राहून वर बघत होता, हातानं उंची मोजत होता. सरोजिनीताईंनी त्या तारखा एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. एप्रिलची एक नव्हे, आधीच्याही.

पायल, मी त्यांच्या पायरीवर बसलो. मला मागची दिवाळी आठवली, ती तुलाही आठवत असेल. भाऊबीज झाल्यावर तू ईराला घेऊन आपल्या घरी आलीस, मनगट सुजलेलं, आणि चार दिवस राहिलीस. आईला तू सगळं सांगितलं होतंस. तिनं मला सांगितलं. आणि मी काय केलं? मी सुशीलला फोन केला, तो रडला, म्हणाला गलती हो गई, आणि मी विरघळलो. एवढ्या मोठ्या घरचा माणूस माझ्याशी फोनवर रडतो, याचंच मला अप्रूप वाटलं. आई म्हणाली, "नेऊ नका तिले." तीनदा म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. पाचव्या दिवशी सकाळी नर्सरीच्या टेम्पोत तुला आणि ईराला बसवलं आणि स्वतः सोडून आलो. वाटेत मी बोलत होतो, संसारात होतं असं, तू जरा सांभाळून घे. फाटकाशी उतरताना तू माझ्या पाया पडलीस. मला वाटलं पोरगी समजूतदार आहे. आज कळतं, तू माझा निरोप घेत होतीस. पोलिसांना तू 'गिर गई थी' का म्हणालीस, हेही मला त्या पायरीवर कळलं. बाहेर पडून जायचं कुठे? बापानं एकदा परत आणून सोडलंच होतं.

मी तडक आत जाऊन त्याची कॉलर धरणार होतो. तो भनपुरीला त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, हे माझं नशीब म्हण. टेम्पोशी परत आलो तर कांताबाईनं माझा चेहरा पाहिला. तिला काही सांगावं लागलं नाही, ती सकाळीच तुला मागच्या दारात बघून आली होती. "दादा, पोट्टी पार वाळून राहिली," ती म्हणाली. "काहून गप आहा तुमी?" मी म्हटलं, आत्ता आत जातो आणि घेऊन येतो. ती म्हणाली, "आन् ती नाई म्हणली तं? मागच्या बारी तुमीच आणून टाकली ना तिले. मंग हे फाटक तुमच्यासाठी बंद होईन." तिचं खरं होतं. तुझा फोन त्याच्याकडे असतो, फाटकावर गार्ड असतो, कॅमेरा त्याच्या मोबाइलवर दिसतो. त्या आवारात बाहेरचा माणूस शिरण्याचं एकच कारण उरलं होतं, आणि ते म्हणजे ही झाडं.

म्हणून मी झाडं लावली. जुलैमध्ये हायड्रा क्रेननं एकेक झाड उतरवलं, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू न देता. खाली शेणखत, वर भाताच्या पैऱ्याचं आच्छादन, तीन बाजूंनी बांबूचा आधार. सुशील समोर उभा राहून पाहत होता आणि मी त्याच्याशी हसून बोलत होतो. पण सरोजिनीताईंच्या खिडकीसमोर आलो तेव्हा मी त्याला म्हटलं, इथं खालून पाइप गेलाय, झाडं बारा फुटांवर लावावी लागतील, आणि बकुळीच लावू. पाइप तिथं नाहीच. बकुळ भरायला वर्षं लागतात म्हणून तिथं बकुळ लावली, आणि खालच्या फांद्या आजारी आहेत म्हणून छाटून टाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी झाडाबद्दल खोटं बोललो. त्या फटीतून तुझं मागचं अंगण त्यांना अजून दिसतं.

दुसरं खोटं पाण्याचं. यंदा पावसानं दडी मारली, म्हणून त्याला ठिबक बसवायचं होतं. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, पापाजी, नल खोलो और भूल जाओ, किसी को आने की जरूरत नहीं. मोठ्या झाडाला ठिबकच चांगलं, हे नर्सरीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, व्हिडिओतली माती इथली नाही, मुरमात ठिबकनं मुळं वरच्या वर राहतात, पहिले तीन महिने हातानंच आळं भरावं लागेल, दर तिसऱ्या दिवशी. त्यानं व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, ठीक है. पण बाई ही आएगी, और घर में नहीं जाएगी. अशी कांताबाई यायला लागली. तू कशी आहेस, कपडे कोण वाळत घालतं, ईरा शाळेत जाते की नाही, हे सगळं ती मला संध्याकाळी सांगायची. तुझ्याशी बोलू नको असं मीच तिला बजावलं होतं. तुला वाटलं असेल, ओळखीची बाई, तीही मान वळवून जाते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला संशय आला. मी त्या दिवशी खत घालायला आलो होतो. तो अचानक दुपारी परतला, गाडी फाटकाबाहेरच लावून चालत आत आला. पुत्रंजीवाच्या आळ्यात त्यानं बोट खुपसलं, मग बाहीसकट कोपरापर्यंत हात चिखलात घातला, आणि मला हात दाखवला. "इतना गीला है. किस बात का पानी डाल रही है ये औरत?" तो अगदी शांत होता, पायल. तो शांत असतो तेव्हा कसा दिसतो ते त्या दिवशी मला कळलं. म्हणाला, परसों ड्रिप लग जाएगा, कल से कोई नहीं आएगा, आपका काम हो गया. असं म्हणून तो आत गेला. आतून त्याचा आवाज आला नाही, तुझाही नाही, आणि मी तिथं उभा होतो हातात फावडं घेऊन.

तेव्हा मी ते केलं. तू स्वयंपाकघराच्या खिडकीत होतीस, तू पाहिलंस. कॅमेऱ्याकडे पाठ करून फाटकाजवळच्या पुत्रंजीवाचं आच्छादन मी बाजूला केलं आणि फावडं गोळ्याच्या बाजूनं आत घातलं. एकदा, मग फिरवून दुसऱ्या बाजूनं. बारीक मुळं तुटताना आवाज होतो, कापड फाटल्यासारखा. अख्खा गोळा सैल होईपर्यंत मी कापत गेलो, मग माती दाबली, पैरा पसरला, हत्यारं उचलली. अकरा वर्षं वाढवलेलं झाड होतं ते. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मग पडदा ओढलास. बाबा काय करतोय, हे तुला कळलं नसेल. घरी येऊन फावडं कोपऱ्यात टाकलं. आईनं विचारलं तर मी म्हटलं, एक झाड मारून आलो.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. झाड करपलं होतं, पानं झडली होती, फाटकासमोरून थेट व्हरांडा दिसत होता. माझ्यावर ओरडला. मी ऐकून घेतलं. म्हटलं, मी सांगितलं होतं ठिबक नको, आता शेजारची तीन पण मान टाकतील. खरोखर त्यानं पाणी इतकं सोडून ठेवलं होतं की त्या तिघांची पानंही पिवळी पडली, तिथं मला खोटं बोलावं लागलं नाही. "आदमी भेजिए," तो म्हणाला. "जो करना है कीजिए, पर मुझे ये खुला नहीं चाहिए." कांताबाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा यायला लागली. ठिबक त्यानंच काढून टाकलं.

मधल्या दिवसांत मी एका वकीलबाईंकडे गेलो. सरोजिनीताई माझ्याबरोबर आल्या, वही घेऊन. वकीलबाईंनी सगळं वाचलं आणि मला विचारलं, मुलीला काय हवंय? तुला ते कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. त्या म्हणाल्या, सज्ञान बाईला घराबाहेर पडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि लेकराला आपल्यासोबत आणलं म्हणून आईनं गुन्हा केला असं होत नाही. पोलिसांना आत्ता फाटकाशी नेलं आणि ती पुन्हा 'गिर गई थी' म्हणाली तर तिचाच त्रास वाढेल. आधी ती बाहेर येऊ दे, तिच्या मनानं. मग अर्ज, संरक्षण, सगळं मी बघते. कागद त्यांनी तयार ठेवलेत. फक्त तुझी सही बाकी आहे.

आता नीट वाच, कारण मी हे पत्र यासाठीच लिहिलं. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी ती चार झाडं बदलायला येतोय. सुशील दहाला भनपुरीला जातो. हायड्रा शालिग्राम चालवेल, त्याला सगळं माहीत आहे. मेलेलं झाड उपटताना फाटक पूर्ण उघडावं लागतं, आणि झाडांचा ट्रक फाटकातच आडवा लागेल, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. गार्डला मी रस्त्यावर गाड्या थांबवायला उभं करीन. मी डोक्यावरचा गमछा काढून खांद्यावर टाकला की ईराला कडेवर घे, मागच्या दारानं बकुळीच्या ओळीतून कुंपणाच्या कडेनं फाटकापर्यंत ये आणि ट्रकच्या डाव्या दारानं वर चढ. काही आणू नकोस. कपडे, दागिने, काही नाही. ईराच्या शाळेचे आणि तुझे कागद सापडले तर कमरेला खोच, नाही सापडले तरी ये. आपण सरळ वकीलबाईंकडे जाऊ, तिथून तुम्ही गोंदियाला मावशीकडे. तुम्ही नर्सरीत यायचं नाही, तो आधी तिथंच येईल. आला तर कांताबाई आणि मी त्याला बघून घेऊ. तुला यायचं नसेल तर पडदा ओढलेला ठेव. मी झाडं लावीन, निघून येईन, रागावणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात काहीतरी नवं कारण काढून परत येईन. यावेळी तू ठरव. आईला मी सगळं सांगितलं, फावड्याचंही सांगितलं. ती काल म्हणाली, तुमच्या एकट्यावर ती पोट्टी भरवसा काहून ठेवीन? म्हणून गुरुवारी ट्रकचं डावं दार आतून तीच उघडेल.

तुझाच,
बाबा